द्वारकाबाईचे पाय

ह्या गावात द्वारकाबाई दोन. एक गिरणीवाली, एक अनवाणी. गिरणीवालीचं घर विचारलं तर लोक बसल्या जागेवरून हात करतात. अनवाणीचं विचारलं तर उठून दोन पावलं बरोबर येतात, कारण वाटेत त्यांना गोष्ट सांगायची असते. भवानीनगरच्या कारखान्यावरून कालव्याच्या कडेनं आत गेलेल्या ह्या गावाकडं पाहुण्याला दाखवण्यासारखं तसं काही नाही. ना मोठं देऊळ, ना नावाजलेला बाजार. होते ते द्वारकाबाईचे पाय.

गोष्ट लोक सांगतात ती अशी. दोन हजार तेराचा एप्रिल. द्वारकाबाईचा नवरा रावजी सकाळी दुधाचा कॅन घेऊन गावच्या डेअरीवर गेला. चेअरमन आप्पासाहेब तेव्हा स्वतः दूध तपासायला बसत. दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता आणि स्वतःवर गरजेपेक्षा जास्त होता. त्यांनी उभ्या काचेच्या भांड्यात रावजीचं दूध ओतलं आणि लॅक्टोमीटर सोडला. गाईच्या चांगल्या दुधात तो सत्तावीस-अठ्ठावीस डिग्रीवर तरंगतो. पाणी घातलं असलं की बुडतो आणि आकडा कमी दाखवतो. त्या दिवशी तो चोवीसवर थांबला.

"रावजी, पाणी घातलं व्हय रं?"

"न्हाय आप्पासाहेब. गाईची आण."

"मग ही काच खोटं बोलतीया का मी?"

आणि मागं पंचवीस-तीस माणसांची रांग उभी असताना आप्पासाहेबांनी कॅन उचलला आणि डेअरीच्या पायरीवरून खाली उपडा केला. कुत्री धावली. आप्पासाहेबांनी खडू घेऊन फळ्यावर लिहिलं, 'दुधात पाणी – रावजी'. ते आठ दिवस पुसलं नाही.

कुणीतरी शेतात जाऊन द्वारकाबाईला सांगितलं. ती चिखलाच्या पायांनी तशीच पळत आली. दूध अजून पायरीवरून ओघळत होतं. तिनं पायातल्या चपला काढल्या, त्याच पायरीवर जोडीनं ठेवल्या, आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं बोलली, "ह्या माणसाची मान ह्याच पायरीवर, ह्याच गावाम्होरं खाली गेल्याबिगर मी पायात वहाण घालणार न्हाय."

इथवर गाव सांगतं, आणि ते सगळं खरं आहे. पुढचं गाव सांगत नाही, कारण पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही.

रावजी शीळ घालणारा माणूस होता. धार काढायला बसला की शीळ घालायचा आणि गाय पान्हा सोडायची. लग्नात, बारशात, मयताला जमलेल्या माणसांतसुद्धा हळूच चेष्टा करून शेजारच्याला अडचणीत आणायचा. त्या सकाळनंतर महिन्याभरात त्यानं दोन्ही गाई विकल्या. डेअरीच्या वाटेनं जायचं बंद केलं, पारावर बसायचं बंद केलं. एवढंच काय, द्वारकाबाईकडं सरळ बघायचंही कमी केलं. दिवाळीच्या आधी तो इंदापूरच्या बाजारातून आला तेव्हा त्याच्या पिशवीत चपलांचा नवा जोड होता. चॉकलेटी, पट्ट्याला पितळी बक्कल.

"घाल गं," तो म्हणाला. "भाजत्यात पाय."

द्वारकाबाई उसळली. "लाज न्हाय वाटत तुमाला? तुमच्यापायी मी काट्याकुट्यातनं चालते, आन् तुमीच मला चप्पल घाल म्हणता?"

रावजीनं जोड परत पिशवीत घातला आणि पिशवी माळ्यावर टाकली. पुन्हा विषय काढला नाही. तीन वर्षांनी एका दुपारी तो अंगणातल्या खाटेवर पडला तो उठलाच नाही. डॉक्टरनं हृदय म्हणून लिहिलं. द्वारकाबाईनं मनातल्या मनात आप्पासाहेब म्हणून लिहिलं.

आणि मग शपथ गावानं उचलली. रावजी असेतो ती एका बाईची शपथ होती. तो गेल्यावर ती गावाची झाली. बायका वाटेत थांबवून तिच्या पायांवर हळदीकुंकू घालू लागल्या. सप्त्यात तिला पुढची जागा. नवी सून गावात आली की तिला आधी देवाला नेत, मग द्वारकाबाईला दाखवत. दीपक म्हणून एक पुढारी आहे. आप्पासाहेबांची खुर्ची मिळवण्यासाठी त्यानं दोन निवडणुका घालवल्या. त्यानं तर तिला सभेत व्यासपीठावर बसवून पुढं माइकसुद्धा धरला होता. खोटं कशाला बोलायचं, तिला ते आवडायचं. वैशाखात डांबरी पोळायची, उसाच्या तोडलेल्या रानात बुडखे तळव्यात घुसायचे, तरी ती ताठ चालायची. कुणी विचारलं, "काकू, दुखत न्हाय का?" तर म्हणायची, "दुखंल त्याला, ज्यानं केलं."

त्याला काही दुखत नव्हतं, हा मुद्दा वेगळा.

ह्यात एक गोष्ट तिनं कुणाला पुरती सांगितली नव्हती. दोन हजार एकोणीसमध्ये बारामतीला बायकांसाठी गाई पाळण्याचं शिबिर होतं. गाई नसूनही ती गेली होती. तिथल्या बाईंनी दूध तपासून दाखवलं आणि सहज सांगून टाकलं की धारेचं कोमट दूध कधी तपासू नये, ते निवू द्यावं, कोमट दुधात लॅक्टोमीटर बुडतो आणि आकडा दोन-तीन डिग्री कमी येतो. द्वारकाबाईच्या हातातला चहा तसाच राहिला. एरवी दूध डेअरीच्या रांगेत तासभर निवायचं. त्या दिवशी मात्र रावजीचा पहिला नंबर होता. सडातून कॅनमध्ये आणि कॅनमधून काचेत.

एवढं तिनं दीपकला सांगितलं. पहिला नंबर कशामुळं होता, ते नाही सांगितलं. त्या दिवशी त्यांच्या उसाला कालव्याच्या पाण्याची पाळी होती. सात वाजता पाणी यायचं होतं आणि बारं द्यायला, म्हणजे पाणी सरीसरीनं फिरवायला, दोन माणसं लागत होती. "आज पयला नंबर लावा आन् पळत या," असं रावजीला तिनंच सांगितलं होतं. रावजी म्हणाला होता, जरा निवू दे की दूध. ती म्हणाली होती, दुधाचं काय घेऊन बसलाय, पाणी जाईल. हे आठवलं की ती आप्पासाहेबांना आणखी चार शिव्या द्यायची, म्हणजे आठवण मागं सरायची.

अशी अकरा वर्षं आणि नऊ महिने गेले.

ह्या जानेवारीत संक्रांतीला ती लेकीकडं, सोनमकडं, बारामतीला गेली. सोनमच्या घरात पांढरी फरशी. दुपारी सोनम म्हणाली, "आई, कुंकू सांडलंस का गं? स्वयंपाकघरापासून दारापर्यंत ठिपकेच ठिपके."

ते कुंकू नव्हतं. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली ज्वारीच्या दाण्याएवढं भोक होतं आणि त्यात उसाच्या बुडख्याचा तुकडा रुतून बसला होता. किती दिवस, ते द्वारकाबाईला सांगता येईना. तिला तो लागलाच नव्हता. आईला शुगर होती, म्हणून सोनमनं रिक्षा बोलावली आणि आईला उचलल्यासारखी करून शुगरच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टरीण तरुण होती. जखम धुऊन झाल्यावर तिनं एक बारीक नायलॉनचा धागा काढला. "आजी, डोळे मिटा. हा तळव्याला टेकवला की 'हां' म्हणा."

द्वारकाबाई 'हां' म्हणाली. परत 'हां' म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली. मग कितीतरी वेळ वाट बघून वैतागली. "अवं, लावा की आता."

"दहा ठिकाणी लावून झाला, आजी."

सोनमनं तोंड फिरवलं.

"साखरेनं पायातली जाणीव गेलीय," डॉक्टरीण म्हणाली. "जखम अजून हाडापर्यंत गेलेली नाही, भरून येईल. पण आता अनवाणी एक दिवससुद्धा चालायचं नाही. घरातसुद्धा नाही. शुगरवाल्यांसाठी मऊ चपला मिळतात, त्या घ्या. नाही ऐकलंत तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल."

"माझी शपथ हाय."

"कुणावर?"

"हाय एक जण."

डॉक्टरीण कागदावर लिहितच होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्यांचे पाय कसे आहेत?"

आप्पासाहेब शहात्तर वर्षांचे आहेत. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून रोज सकाळी कालव्याच्या कडेनं तीन किलोमीटर चालतात.

गावी परतल्यावर दीपक दारात हजर. पायाची पट्टी बघून हळहळला, दोनदा 'काकू, काकू' म्हणाला आणि लगेच कामाचं बोलला. डेअरीची निवडणूक तोंडावर होती. दहा दिवसांनी डेअरीच्या अंगणात सभासदांची सभा होती, आप्पासाहेब येणार होते. दीपक तिथं गाय आणून बांधणार, सगळ्यांसमोर धार काढणार, कोमट दूध काचेत घालून चोवीस दाखवणार, मग तेच दूध बर्फात निववून सत्तावीस दाखवणार. "त्याच पायरीवर, काकू! आप्पाची मान खाली न्हाय गेली तर माझं नाव बदला. आन् तितंच सगळ्यांम्होरं तुमी चप्पल घालायची. मी स्वतः घालतो तुमच्या पायात. फोटोवाला सांगितलाय."

"डॉक्टरीण म्हणतीया एक दिवस न्हाय."

"डॉक्टर लोक भ्या दाखवत्यात, काकू. अकरा वर्सं काढली, दहा दिवसांनी काय व्हतंय? लईच वाटलं तर गावाबाहीर घाला, येशीपाशी आलं की पिशवीत टाका. कोण बघतंय?"

आणि द्वारकाबाई हो म्हणाली. ऐकणाऱ्याला राग येईल, पण ती हो म्हणाली. आप्पासाहेबांची खाली गेलेली मान तिला डोळ्यांपुढं दिसत होती आणि आपला अंगठा दिसत नव्हता. अंगठा तर लागतही नव्हता.

त्या सभेसाठी म्हणून चपला आणायला ती बाजाराच्या दिवशी इंदापूरला गेली. पट्टीवर फडकं गुंडाळलेलं, खालून अनवाणीच. एसटी स्टँडजवळ युनूसभाईचं चपलांचं दुकान आहे. स्वतः बसून शिवतो, शुगरवाल्यांच्या मऊ चपलाही करतो. चष्मा जाड, बोलणं कमी. त्यानं तिचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली, कागद उचलून बघितला आणि म्हणाला, "पाय पसरला तुमचा, अक्का. तवा येवढा न्हवता."

"कवा?"

"रावजीदादानं नेला न्हवता का जोड? बक्कलवाला, चॉकलेटी. बारा वर्सं व्हत आली."

"तुमाला माझं माप कुठनं ठावं?"

"सुतळी आनली व्हती त्यानं. गाठी मारून. तुमी दुपारच्या झोपला व्हता तवा घेतलं माप, म्हणला. जागी असती तर लाथ बसली असती." युनूसभाई हसला. मग पेन्सिल कानावर ठेवून थोडा थांबला, सांगावं की नको असं करत. "बसला व्हता हितंच, तुमी बसलाय तितं. म्हणला, युनूसभाई, आप्पासायबानं दूध सांडलं ते एक डाव सांडलं. पर ही अनवाणी म्होरनं गेली की मी रोज त्या पायरीवर उभा राहतो. हिनं पायात कायतरी घातलं, तर मी बी सुटलो."

बाहेर सोलापूरकडं जाणारा ट्रक हॉर्न वाजवत गेला. द्वारकाबाई आपल्या पायांकडं बघत बसली होती. हे पाय बघायला लोक लांबून यायचे. रावजीला लांबून यावं लागत नव्हतं. त्याच्या समोर ते दिवसातून पन्नास वेळा जात होते, चुलीपाशी, दारापाशी, खाटेपाशी. आप्पासाहेबांनी त्याला एकदा लाजवलं. तिनं तीन वर्षं रोज लाजवलं, आणि वर विचारलं, लाज नाही वाटत? ती रडली. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याच्या देखत रडली. पहिला नंबर लावा म्हणणारी तीच, दूध निवू न देणारी तीच, आणि हे सगळं आप्पासाहेबांच्या डोक्यावर एकरकमी ठेवून मिरवणारीही तीच. त्या माणसाची चूक होती, मोठी चूक होती, तिच्यात जराही कमी करायला ती तयार नव्हती. पण त्याच्या चुकीची राखण करता करता तिचा नवरा गेला होता आणि आता पाऊल जायची वेळ आली होती. राखण करायला सांगितली कुणी होती? कुणीच नाही.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "युनूसभाई, तयार जोड हाय का?"

"हाय. पट्टा जरा सैल करावा लागंल. परवाच्याला—"

"आत्ता करा. घालूनच जाते."

अकरा वर्षं नऊ महिन्यांनी पायात काही पडलं, तर तिला चालता येईना. पहिल्या दहा पावलांत दोनदा अडखळली, स्टँडवरच्या पोरींना हसू आलं. ती पण हसली. येशीपाशी आली तेव्हा पिशवीकडं तिचा हात गेलाही नाही.

आता गावाची मजा बघा. पायात चप्पल दिसली आणि ज्यांनी अकरा वर्षांत एकदा पायाला मलम आणून दिलं नव्हतं, त्यांच्या पोटात दुखायला लागलं. पारावर बोलणं सुरू झालं, आप्पासाहेबांनी काय दिलं असेल? हळदीकुंकू घालणाऱ्या बायका समोरून येताना बोळात वळू लागल्या. शेजारची ठमाबाई तर अंगणात उभी राहून, ऐकू जाईल अशी, भांड्यांशी बोलली, "मेलेल्या माणसाला इसरत्यात लोकं."

द्वारकाबाईला ते कुठं लागायचं तिथं लागलं. तिनं कुंपणापाशी जाऊन सरळ विचारलं, "ठमाबाई, रावजी शीळ कसली घालायचा गं?"

"कसली शीळ?"

"तेच म्हणते मी. तुला न्हाय आठवत. कुणालाच न्हाय आठवत. सांडलेलं दूध आठवतंय, माझं पाय आठवत्यात. कोण इसरलंय ते बघ आधी."

दीपक आला तो लालबुंद होऊन. "काकू, सगळ्या गावाची मान खाली घालायला लावली तुमी! आजपस्तोर सांभाळलं ते मातीत गेलं. काढा ती, आजून येळ हाय."

"न्हाय काढत."

"अवो गाव काय म्हणंल?"

"पाय माझा हाय, दीपक. गावाचा न्हाय. गावाला अनवाणी माणूस पायजेल आसंल तर तू फिर. तुझं वय हाय."

दीपकनं सभा काही रद्द केली नाही. त्याला आता द्वारकाबाईशिवाय आप्पासाहेबांची मान हवी होती. ठरल्या दिवशी सकाळी दहाला डेअरीच्या अंगणात मांडव, खुर्च्या, खांबाला बांधलेली गाय, टेबलावर काचेचं भांडं, शेजारी बर्फाची पाटी. अंगण भरलेलं. पायरीवरच्या खुर्चीत आप्पासाहेब बसले होते, टोपी कडक, मान नेहमीसारखी ताठ. पण टेबलावरच्या बर्फाकडं त्यांची नजर परत परत जात होती. ते काय आहे हे त्यांना समजलं होतं, हे कुणालाही दिसलं असतं.

दीपक माइकवरून म्हणाला, "आज आपुन ह्या गावातलं अकरा वर्सापूर्वीचा एक खून उघडा करणार हाय—"

तेवढ्यात मागून फट फट आवाज आला. लोकांनी वाट दिली. द्वारकाबाई मधल्या मोकळ्या जागेतून चालत आली, टेबलापाशी थांबली आणि काचेचं भांडं उचलून तिनं आपल्या हातात घेतलं.

"काकू, काय करताय?" दीपकचा आवाज माइकमधून घुमला.

"ह्याची गरज न्हाय. तोंडानं सांगते." तिनं माइक घेतला नाही. तिला कधी लागलाच नव्हता. "रावजीनं दुधात पाणी घातलं न्हवतं. दूध धारंचं कोमट व्हतं. कोमट दुधात आकडा कमीच येतो. ज्याला खोटं वाटतंय त्यानं उद्या आपल्या घरी आपल्या गाईचं दूध तपासावं. आन् दूध कोमट का व्हतं, तर मी त्यांना घाई केली व्हती. पाण्याची पाळी व्हती म्हणून पयला नंबर लावा म्हणले व्हते. हे मी आजपस्तोर कुणाला सांगितलं न्हाय. आज सांगितलं."

खांबाची गाय शेपटी हलवत होती.

मग द्वारकाबाई वळून पायरीकडं गेली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, जिथं तिनं चपला काढून ठेवल्या होत्या तिथं. "आप्पासाहेब, तुमी चुकला व्हता. निवू न देता तपासलं, माणसाचं ऐकलं न्हाय, आठ दिस फळा पुसला न्हाय. हे मी कदी इसरणार न्हाय आन् कुणाला इसरू बी देणार न्हाय. पर मी तुमाला सोडलं."

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "मी माफी मागितली न्हाय, द्वारकाबाई."

"व्हय. म्हणून तर तुमची वाट बघत बसले न्हाय. माझ्या पायातला काटा हाय, मी काढते. काट्याला इचारून काढू व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आप्पासाहेबांनी तिच्या पायांकडं बघितलं. निळ्या पट्ट्याच्या मऊ चपला, त्यातून दिसणारी पांढरी पट्टी, भेगांनी फाटलेल्या टाचा. ते बघतच राहिले. टोपी हळूहळू पुढं झुकली, हनुवटी छातीला टेकली, आणि लवकर काही वर आली नाही.

"गेली!" दीपक ओरडला. खुर्चीवर चढून ओरडला. "मान गेली खाली! त्याच पायरीवर! बघा, सगळ्यांनी बघा! काकूंची शपथ पुरी झाली!"

टाळ्या सुरू झाल्या. बोळात वळणाऱ्या बायका टाळ्या वाजवत होत्या, ठमाबाई वाजवत होती. फोटोवाला पुढं धावला. द्वारकाबाई वळली, आणि तिचा चेहरा बघून पुढच्या रांगेतल्या टाळ्या आधी थांबल्या, मग मागच्या.

"दीपक, खाली उतर. पुरी न्हाय झाली." ती एकेक शब्द सुटा करून बोलली. "मोडली. मी मोडली. ह्यांची मान वर व्हती तवा मोडली, बाजाराच्या दिशी, इंदापुरात, युनूसभाईच्या दुकानात. इतून पुढं कुणाला गोष्ट सांगायची तर नीट सांगायची."

तिच्या मागं आप्पासाहेब खुर्चीतून उठायला लागले होते. त्यांनी "द्वारकाबाई" अशी हाकही मारली, हलक्या आवाजात. त्यांना काय म्हणायचं होतं ते ऐकायला ती थांबली नाही. काचेचं भांडं टेबलावर ठेवून, गाईच्या पाठीवरून हात फिरवून ती घरी निघाली. अंगणाच्या फाटकापर्यंत सगळ्यांना तिच्या चालण्याचा आवाज येत होता.

घरी आल्यावर दारात जुन्या सवयीनं थांबली. बाकी जगाच्या चपला उंबऱ्याबाहेर निघतात, तशा काढायला म्हणून ती वाकलीही. मग डॉक्टरिणीचं आठवलं, घरातसुद्धा नाही. ती सरळ झाली आणि चपला घालून उंबरा ओलांडून आत गेली. सारवलेल्या जमिनीवरून, चुलीच्या बाजूनं, जिथं रावजीचा फोटो आहे त्या भिंतीपाशी. हार सुकलेला होता, तो तिनं काढून टाकला. मग एक पाऊल मागं सरून, फोटोतल्या माणसाला नीट दिसतील असे तिनं दोन्ही पाय जोडून ठेवले.

"बघा," ती म्हणाली. "घातली."